साहेब, रंग कोनता?

हातातली काचेची नळी उन्हाकडे धरायची, एक डोळा मिटायचा, मान जराशी तिरपी करायची, आणि मग नळीकडे न बघता आमच्या यांच्याकडे बघून विचारायचं, “साहेब, रंग कोनता?” आमच्या घरचा स्विमिंग पूल सांभाळायला येणारे भाऊ सहा वर्षं हे करत होते. दर मंगळवारी आणि शुक्रवारी. सहा वर्षं मी ते पाहिलं, आणि त्यातलं मला काय कळलं हे आजही छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. तुम्हीच बघा बापा, तुम्हाला काही उमगतं का ते.

अमरावतीत घरी पूल म्हटल्यावर लोक हसतात, ते मला माहीत आहे. नळाला एक दिवसाआड पाणी, आणि हे पोहून राहिले! आमचे हे पाटबंधारे खात्यात इंजिनियर होते. सगळी नोकरी धरणं, कालवे आणि गेट यांत गेली. निवृत्त झाल्यावर म्हणाले, आता थोडं पाणी स्वतःच्या दारात पाहिजे. मी पुष्कळ भांडले. मी चाळीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेली बाई, भांडण मला जमतं. पण अंगणात बारा हात लांब निळी टाकी झालीच. एकदा भरायची आणि औषधं घालून वर्षानुवर्षं तेच पाणी सांभाळायचं, असा त्यांचा हिशेब. सांभाळायला माणूस मिळाला तो अकोल्याचा. जुन्या शहरात राहायचा, सकाळच्या बसने यायचा, आमच्यासारखी पाच-सहा घरं करून परत जायचा.

माणूस पन्नाशीचा, काटक, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला. आल्या आल्या जाळीने पाला काढायचा, पंपाच्या तोंडची टोपली उपसायचा, वाळूचा फिल्टर उलट्या पाण्याने धुवायचा. मग कोपरापर्यंत हात बुडवून दोन नळ्यांत पाणी घ्यायचा. एका नळीत थेंब टाकले की पाणी पिवळं होतं, त्यावरून क्लोरीन किती ते कळतं. ते तो स्वतःच बघायचा. दुसऱ्या नळीत लाल थेंब. पाणी आंबट असेल तर पिवळट, बरोबर असेल तर नारिंगी, अल्कधर्मी असेल तर लालभडक. शाळेत मी लिटमस शिकवलंय, त्याचंच हे भावंड. लाल झालं तर थोडं ॲसिड, पिवळं झालं तर सोडा. या दुसऱ्या नळीच्या वेळीच तो प्रश्न यायचा.

“साहेब, रंग कोनता?”

हे पेपरावरून जराशी नजर उचलून म्हणायचे, “लालसर.” तो म्हणायचा, “तुमी म्हन्ता तं असंनच,” आणि कामाला लागायचा.

एकदा मीच म्हटलं, “भाऊ, आता आकडे दाखवणारी मशीनं मिळतात, एक घ्या की.”

“घेतलं असतं जी बाई. पन मशीन बिघडलं हे मले कसं कळन? साहेब बिघडत नाईत.”

आणि दोन वर्षांनी साहेब बिघडले. लकवा मारला. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. हॉस्पिटलातून घरी आणलं तेव्हा तोंडातून फक्त “हां हां” निघायचं, तेही डोळ्यांत पाणी आणून. समजत सगळं होतं. डॉक्टर म्हणाले, पाण्यात उभं राहून रोज चालवा, शरीर हलकं वाटेल. आणि बोलायला लावा. पहिलं वर्ष महत्त्वाचं, त्यात जेवढं परत येईल तेवढं आपलं.

चालायचं पूलमुळे जमलं. स्टीलचा दांडा धरून हे गळ्याएवढ्या पाण्यात एकेक पाऊल टाकायचे. बोलण्याचं मी हातात घेतलं. घरात शिक्षिका असताना बाहेरचा माणूस कशाला? चित्रांचे पत्ते आणले. “म्हणा, आंबा. म्हणा, घोडा.” हे भिंतीकडे तोंड फिरवायचे. मी पुन्हा पत्ता समोर धरायची. कोणी भेटायला आलं की त्यांच्या वतीने मीच बोलायची. झोप लागते का? लागते. बरं वाटतं का? वाटतं. बिचाऱ्यांचा त्रास वाचावा, एवढंच मनात होतं हो.

पूलवाल्या भाऊंनी मात्र काहीच बदललं नाही. लकव्यानंतर पहिल्याच मंगळवारी नळी उन्हात धरली आणि विचारलं, “साहेब, रंग कोनता?”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. “अहो भाऊ, दिसत नाही का? त्यांना बोलता येत नाही. नारिंगी आहे, मी सांगते.”

“तुमी नका सांगू, बाई,” तो म्हणाला आणि तसाच उभा राहिला. हात वर, डोळा मिटलेला. यांनी “हां, हां” केलं. डाव्या हाताने नळीशेजारच्या रंगांच्या पट्टीवर बोट ठेवलं. बोट बरोबर ठेवलं होतं, मी पाहिलं. पण तो म्हणाला, “बोटानं नाई जी. तोंडानं सांगा. मले घाई नाई.” दहा मिनिटं गेली. शेवटी तो म्हणाला, “बरं, शुक्रवारी सांगजा,” आणि मग बोट ठेवलं होतं त्याप्रमाणे औषध टाकून गेला.

असं पाच महिने चाललं. मला वाटायचं, काय छळवाद आहे हा! बंद करायला सांगावं असं दर वेळी मनात यायचं. पण मंगळवार-शुक्रवार सकाळी हे दाढी करून घ्यायला लागले होते, म्हणून मी गप्प बसले.

आणि एका शुक्रवारी, उन्हात नळी तशीच धरलेली असताना, यांच्या तोंडून आलं, “सं... सं... संत्रं.”

मी हातातली परात खाली टाकली. तो मात्र जागचा हलला नाही. “बराबर,” म्हणाला. “संत्र्यावानी. मंग आज काईच टाकाचं काम नाई.” मी रडत होते, हे रडत होते, आणि तो खाली बसून जाळीची गाठ बांधत होता. मी त्याला साखर आणून दिली. त्या दिवशी मला तो देवमाणूस वाटला. डॉक्टरला जमलं नाही, मला जमलं नाही, ते याने केलं. सगळ्या नातेवाइकांना फोन करून मी हेच सांगितलं.

पुढच्या तीन वर्षांत शब्द येत गेले. अडत, थांबत, एका वेळी एक. वाक्य काही जुळलं नाही.

मग गेल्या उन्हाळ्यात मी यांना घेऊन तपासणीला गेले होते. घरी कोणी नव्हतं. भाऊंकडे फाटकाची किल्ली होती. आम्ही परत आलो तर पूल ताकासारखा पांढराफेक! तळ दिसेना, दांडा दिसेना. भाऊ काठावर डोक्याला हात लावून बसलेले.

“काय टाकलंत?”

“सोडा.”

मी स्वतः नळी भरून लाल थेंब टाकले. लालभडक. आमच्या बोअरचं पाणी मुळात जड, त्यात सोडा, म्हणजे पाण्यातला चुना वेगळा होऊन पांढरं होणारच. आठवीच्या मुलीलाही हे कळेल.

“आधी पाहिलं नव्हतं का? आधीही लालच असणार. मग सोडा कशाला?”

त्याने डोक्याचा हात खाली घेतला. मग म्हणाला, “बाई, मले लाल-पिवळं समजत नाई. लहानपनापासून. एकसारखंच दिसते.”

मला आधी अर्थच लागेना. सहा वर्षं! मग एकदम सगळं लागलं, किंवा लागलं असं वाटलं. म्हणजे तो यांना बोलतं करत नव्हता. त्याला दिसत नव्हतं म्हणून तो विचारत होता. आणि मी त्याला साखर दिली! आणि माझी जीभ तर तुम्हाला आतापर्यंत कळलीच असेल. यांच्यासमोरच मी म्हटलं, “फसवलंत आम्हाला. ज्याला तुमचं बिंग चार लोकांत फोडता येत नाही, नेमकं त्यालाच विचारत राहिलात. आजारी माणसाचा असा फायदा घ्यायचा?”

हे खुर्चीतून “नाही, नाही” करत डावा हात आपटायला लागले. मी म्हटलं, “बघा, त्यांनाही किती लागलंय.”

“बरं जी,” एवढंच तो म्हणाला.

पुढचे पाच दिवस तो रोज अकोल्याहून आला. तुरटी टाकली, गाळ बसू दिला, बसलेला गाळ पाइपने ओढून काढला, फिल्टर धुतला, पुन्हा धुतला. नळी मी बघायची आणि कोरडेपणाने रंग सांगायची. यांना त्याने त्या पाच दिवसांत काही विचारलं नाही. यांनी दाढी करून घेणं सोडलं. सहाव्या दिवशी तळाची फरशी स्वच्छ दिसली. त्याने फाटकाची किल्ली कठड्यावर ठेवली, यांना वाकून नमस्कार केला आणि गेला. नंतर फोन लावला तर लागेना.

माझ्या डोक्यात मात्र भुंगा. नुसता रंगच हवा होता, तर बोट पुरे होतं की! “तोंडानं सांगा” कशाला? मी जवळ उभी होते, मला डोळे होते, मग “तुमी नका सांगू” कशाला? पण मग दया म्हणावी, तर लकव्याच्या आधीही तो हेच विचारायचा. तेव्हा तर हे धडधाकट होते. सवय होती? लाज होती? की सगळंच थोडं थोडं? मी गणित मांडायची आणि पुसायची.

शेवटी एक दिवस बस पकडून अकोल्याला गेले. मोर्णा नदीवरचा पूल ओलांडून जुन्या शहरात, गल्लोगल्ली विचारत त्याचं घर काढलं. दारात त्याची बायको टमाटे निवडत बसली होती.

“थे तं चिखलदऱ्याले गेले, एका हाटेलात. तिथंबी पूल हाये. राह्याची सोय हाये,” ती म्हणाली.

मी जरा अडखळत विचारलं, “तिथे रंगाचं कसं करतात?”

ती हसली. “तुमाले सांगतलं त्याइनं? कोनाले सांगत नाईत. मले तं लग्नाच्या दुसऱ्याच दिशी समजलं. टमाटे आना म्हनलं तं समदे कच्चेच आनले. आता तिथं कोनाले इचारत असतीन, देव जाने.” मग म्हणाली, “काई निरोप हाये का, बाई?”

निरोप होता. त्याच्यासाठीच तर मी शंभर किलोमीटर आले होते. पण तोंड उघडलं आणि शब्दच येईनात. काय सांगू, चुकलं म्हणू, की चुकलं का ते अजून कळत नाही म्हणू? ती वाट बघत राहिली. “नाही, काही नाही,” म्हणून मी परत फिरले.

घरी येऊन यांना सगळं सांगितलं. हे ऐकत होते. मग ओठ हलायला लागले. “तो... तो...”

“फसवत होता?” मी म्हटलं. डावा हात खुर्चीवर आपटला.

“वाईट वाटतंय त्याचं?” पुन्हा हात आपटला, जोरात.

मग मी गप्प बसले. किती वेळ गेला कोण जाणे.

“तो... मला... विचारायचा.”

लकव्यानंतरचं पहिलं अख्खं वाक्य. मला आनंद व्हायला हवा होता. पण मी पाहतच राहिले. सगळा जन्म या माणसाला लोक विचारत आले होते, साहेब, गेट उघडू का, पाणी किती सोडू? आणि गेली चार वर्षं मी आंब्याचं चित्र धरून विचारत होते, हे काय? मला ठाऊक होतं की तो आंबा आहे. त्यांनाही ठाऊक होतं की मला ठाऊक आहे. ज्याला खरोखर माहीत नव्हतं, असा विचारणारा या घरात एकच माणूस यायचा, आणि त्याला मी घालवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी यांच्यासमोर खुर्ची ओढून बसले. म्हटलं, “चिखलदऱ्याला जायचं का आपण? त्याला काय सांगायचं ते मला सुचत नाही. तुम्ही सांगाल?”

काय म्हणतील याचा मला खरंच काही अंदाज नव्हता. त्यांचे ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. मी दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून, तोंड मिटून बसून राहिले.