लॉजचा गिझर आणि वर्षाची सोयरीक

माणसानं न्हाणीच्या दारापेक्षा मोठा गिझर घेऊ नये, हे मला गिझर घेतल्यावर कळलं.

राज्य नवं होतं, रायपूर राजधानी झालं होतं आणि ती राजधानी थोडी माझ्याही अंगात शिरली होती. त्यात आमच्या लेकीला, वर्षाला बघायला नागपूरचे पाहुणे पहाटेच्या गाडीनं येणार होते. थंडीचे दिवस. गाडीतून उतरलेल्या पाहुण्याला चहाआधी आंघोळीचं गरम पाणी द्यायचं, ही आमच्याकडची रीत. पाणी कमी पडलं की सोयरीक गेली, असं मी धरूनच चाललो.

दुकानदारानं विचारलं, घरात माणसं किती? खरं उत्तर तीन. मी मात्र येणारे पाहुणे मोजले, मग ऐनवेळी येऊ शकणारे मोजले (मुलाची आत्या अंगानं भरलेली आहे असं ऐकून तिला दोनदा मोजलं), आणि लॉजवाल्यांसाठी ठेवलेला सर्वांत मोठा गिझर उचलला.

ब्राह्मणपाऱ्यातल्या आमच्या गल्लीत तो हातठेल्यावरून आला तेव्हा माझी बायको सुमन दारातच होती.

"पाहुण्यांले आंघोळ घालायची आहे का उकडायचं आहे?"

न्हाणीच्या दारातून तो आत जाईना. मग बैठकीत, सोफ्याशेजारी उभा केला आणि भिंतीला भोक पाडून नळी न्हाणीत नेली. वर्षानं त्यावर भरतकामाची चादर टाकली. "पापा, लड़केवाले पूछें तो बोल देना, दादाजी बैठे हैं."

पाहुणे आले. मी ऐटीत बटण दाबलं. घरातले दिवे कंदिलासारखे मिणमिणले, चादरीखालून गुरगुर ऐकू आली, मुलाच्या आईनं पाय सोफ्यावर घेतले, आणि बाहेर विजेच्या खांबावर फटाका फुटला! सगळ्या गल्लीची बत्ती गुल. एवढं पाणी तापायला एक सकाळ पुरणार नव्हती. आमचं तर अजून कोमटसुद्धा झालं नव्हतं.

मागल्या दारानं पळावं असा विचार करतोय, तोवर पुढच्या दारावर शेजारी भांडायला हजर. त्यांनी आत डोकावलं. नवरामुलगा टॉवेल गुंडाळून कुडकुडत उभा. शेजाऱ्यांचं भांडण तिथंच विरलं. थोड्या वेळानं घराघरांतल्या शेगड्यांवर तापलेल्या पाण्याच्या बादल्या आमच्या दारात लागल्या. आत्यांना खरंच दोन मिळाल्या.

आंघोळी झाल्या, पोहे झाले. मुलाचे वडील बराच वेळ चादरीकडे पाहत होते. मग म्हणाले, "पोट्टी पसंत आहे. शेजार तर लाखाचा आहे. आमची एकच अट आहे."

सुमननं पदर सावरला.

"लग्नात मांडव केवढा, भांडी केवढी, हे आम्ही ठरवू. तुम्ही फक्त मुलगी घेऊन या."

लेकीच्या भल्यासाठी बापाला काय काय गिळावं लागतं! मी मान खाली घालून "हव" म्हणत होकार दिला. त्या दिवशी माझ्याकडून बरोबर मापाचा निघाला तो तेवढाच एक शब्द.