मत्स्यव्यवसायात पहिली

अकरावीच्या प्रवेशाच्या वेळी ज्या सरांनी माझ्या फॉर्मवर स्वतःच्या पेनाने काट मारली, त्यांना मी आजही माफ केलेलं नाही. करणारही नाही. लोक म्हणतात, जाऊ दे ना, किती वर्षं झाली. वर्षं माझी गेली, त्यांचं काय जातंय सांगायला?

तेव्हा, म्हणजे नव्वदीच्या सुरुवातीला, ठाण्यात व्होकेशनलचं नवं खूळ आलं होतं. दहावी झालेल्या पोरांनी नुसती घोकंपट्टी करण्यापेक्षा दोन वर्षांत हाताला काहीतरी काम शिकावं, असं जो तो सांगायचा. आमच्या कॉलेजात तीन कोर्स होते: इलेक्ट्रॉनिक्स, ऑफिसचं काम आणि मत्स्यव्यवसाय. मी इलेक्ट्रॉनिक्स लिहिलं होतं. कोळीवाड्यात टीव्ही दुरुस्त करायला जो माणूस यायचा, त्याच्या शेजारी मी तासन्‌तास बसायची. घरच्या बंद पडलेल्या रेडिओची तुटलेली वायर मी स्वतः जोडली होती आणि तो चालू झाला होता. दहावीला टक्केही पुरेसे होते.

सरांनी फॉर्म घेतला, आडनाव वाचलं, पत्ता वाचला, आणि त्यांचा चेहरा खुलला.

"अगं, तू तर कोळ्यांची! मग मत्स्यव्यवसाय घे की. तुला अगदी सोपं जाईल."

मला सोपं नको होतं. मी तसं म्हटलं. तेव्हा ते आवाज खाली आणून म्हणाले, "हे बघ, सहामाहीत पहिली ये. दिवाळीनंतर तुला इलेक्ट्रॉनिक्सला टाकतो. शब्द देतो." आणि काट मारली. मत्स्यव्यवसाय तेच शिकवायचे; त्यांच्या तुकडीत पोरं भरत नव्हती, तुकडी बंद पडली असती तर त्यांच्याच नोकरीवर गदा आली असती, हे मला फार नंतर कळलं.

आई बाजारात मासळी विकायची. मी घरी येऊन सांगितलं तेव्हा ती मासळीची पाटी धूत होती. तिचा हात थांबला.

"त्याच्यापायी तुना शालंत घातला व्हता काय गो?"

माझ्या अंगाला मासळीचा वास लागू नये, एवढंच तिला हवं होतं. त्यासाठी ती मला सुट्टीतसुद्धा बाजारात बसू द्यायची नाही. वडिलांची होडी खाडीच्या काठाला उलटी पडली होती. कारखान्यांचं पाणी खाडीत यायला लागल्यापासून जे काही जाळ्यात यायचं त्याला रॉकेलचा वास मारायचा, आणि वडील एका कंपनीत वॉचमन झाले होते. म्हणजे आमची माणसं ज्या धंद्यातून जीव वाचवून बाहेर पडत होती, त्याच धंद्यात कॉलेज मला फी घेऊन ढकलत होतं.

सर स्वतः मासे खात नसत. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण ते नाकाला रुमाल लावून शिकवायचे. फळ्यावर पुस्तकातून बघून बोई माशाचं चित्र काढायचे, आणि खरी बोई समोर ठेवली की दोन पावलं मागे सरायचे. दर शुक्रवारी प्रात्यक्षिक असायचं. त्याला मासळी लागायची आणि ती आणायची कॉलेजने काहीच सोय केलेली नव्हती. "तुझी आई देईल ना?" सरांनी पहिल्याच आठवड्यात विचारलं. मग ओळखायची मासळी मी आणायची, कापून मीच दाखवायची, मीठ लावून सुकवायची कशी तेही मीच सांगायचं. जाळं विणायच्या तासाला तर सगळ्या पोरांच्या हातात लाकडी सुई धरून द्यायचं काम माझं. सर मागे खुर्चीत बसून हजेरी भरायचे.

मला तेव्हाच अक्कल यायला हवी होती. गाठी ढिल्या मारायच्या, शिंगाळीला जिताडा म्हणायचं, शिळी मासळी न्यायची. पण पहिली यायचं होतं ना! शिवाय ढिली गाठ मारायला माझा हातच वळत नव्हता. आणि आई! कोर्सला शिव्या घालत घालत ती दर शुक्रवारी पहाटे एकेका माशाचा कल्ला उचलून बघायची आणि आतून लाल, म्हणजे ताजा, असेल तोच मासा माझ्या डब्यात टाकायची. मी म्हटलं, कशाला एवढं, कापून फेकायचीच आहे. तर माझ्यावरच डाफरली. "आपल्या पाटीतशी शिली मासली भायेर गेली तं नाव जाते. आन तुना पयला नंबर पायजे ना?"

सहामाहीत मी पहिली आले. दिवाळीनंतर अर्ज घेऊन प्राचार्यांकडे गेले. त्यांनी समोरचा कागद वाचला आणि म्हणाले, "तुझ्या सरांनीच लिहून दिलंय. ही मुलगी गेली तर प्रात्यक्षिकं बंद पडतील." अर्ज नामंजूर. इतका संताप आला की मला रडूसुद्धा फुटलं नाही.

दुसऱ्या दिवशी आई बाजारातून तशीच कॉलेजात आली. रिकामी पाटी तिने फाटकाशी ठेवली. सर तिला व्हरांड्यातच भेटले आणि हसून म्हणाले, "मावशी, तुमची मुलगी एक नंबर आहे. हिच्याशिवाय माझा कोर्स चालणारच नाही."

"तुमी शब्द दिलेला ना तिला?"

"अहो, पण हे कौतुकच आहे ना तिचं!" सर म्हणाले. मग लगेच, "बरं झालं आलात. या शुक्रवारी कोळंबी मिळेल का? पोरांना सोलायला शिकवायचंय."

आई बाजारात भल्याभल्यांची सालटी काढायची. पण त्या व्हरांड्यात ती गप्प उभी राहिली. मला तिचाही राग आला, खोटं कशाला सांगू. तासाची बेल झाली, सर गेले. आम्ही चालत निघालो. फाटकाशी ठेवलेली पाटी तिने डोक्यावर घेतली. कोळीवाड्याच्या वळणावर ती पाटी सारखी करत म्हणाली, "माजाच चुकला गो. शिली मासली द्याला पायजे होती त्याला."

शुक्रवारी पहाटे तिने सगळ्यांत ताजी कोळंबी निवडून बाजूला काढली. मी ती घेऊन कॉलेजात गेले.