मागच्या सीटवरचं वल्हं

होडीला भोकं होती. एखादं दुसरं नव्हे, बसायच्या जागेशी, पायांशी, चांगली आरपार. खालचं पाणी दिसत होतं त्यातून. मी मेहरूण तलावाच्या काठावरच पाय रोवून उभी राहिले आणि शिकवणाऱ्या भाऊंना म्हटलं, "अहो, हा माल फुटका आहे."

भाऊ निवृत्त फौजी. मिशीतल्या मिशीत हसले. "ताई, कयाक आहे ही. वर आलेलं पाणी निघून जायला ठेवलीत ती भोकं. आतून पोकळ असते, बुडत नाही."

"आमच्याकडे असा पाइप निघाला असता तर मी मशीन बंद करायला लावलं असतं."

यात माझा काय दोष? जळगावातल्या एका पाइपाच्या कारखान्यात, लॅबमध्ये माझी नोकरी. पाइपाचा तुकडा घ्यायचा, दोन्ही तोंडं बंद करायची, आत पाणी भरून दाब वाढवत न्यायचा आणि तो कुठून फुटतोय ते बघत बसायचं. इतकी वर्षं हेच केल्यावर चांगला दिसणारा पाइपच मला जास्त खोटा वाटायला लागला. पुढे तेच घरीही सुरू झालं. दूधवाला, रिक्षावाला, भाजीवाली, कुणाचाच भरवसा वाटेना. डॉक्टरांनी रक्तदाब मोजून सांगितलं, "काम डोक्यातून काढा, एखादा छंद धरा, योगासनं करा." मला लगेच वाटलं, यांच्या घरातलंच कुणीतरी योगाचा क्लास चालवत असणार. चौकशी केली तर मेहुणा चालवत होता! म्हणून योगासनांच्या वाटेला गेलेच नाही आणि रविवारी सकाळी तळ्यावर यायला लागले.

आईला हे अजिबात पटलं नव्हतं. घरात आम्ही दोघीच. आईची डावी बाजू लुळी पडल्यापासून ती खाटेवर. बोलणं मात्र पहिल्यासारखंच, शिंदखेड्याकडचं, धारदार. मी निघाले की म्हणायची, "डोकं थंड करानं व्हई तर मोरीमा बादली भरेल शे. तठे बस ना!" दिवसा तिच्याजवळ शेजारच्या अक्का बसायच्या. सकाळची अंघोळ, रात्रीचं कूस बदलणं आणि औषधं हे माझ्याकडे. दुसऱ्या कुणाचा हात तिला चालत नाही.

पहिले काही रविवार खरंच छान गेले. हिवाळा तोंडावर होता, तळ्यावर पाहुणी बदकं उतरलेली. काठापासून थोडं आत गेलं की रस्त्यावरचे हॉर्न मागे राहायचे. डोक्यातला दाबाचा काटा हळूहळू खाली येतोय असं वाटायचं.

आणि एका रविवारी बघते तर काठावर आमच्या मॅडम! आमच्या लॅबच्या प्रमुख. अंगावर नारिंगी लाइफ जॅकेट, पायात रबरी चपला, आणि चेहऱ्यावर हसू. "अगं, तू पण इथे?" म्हणाल्या.

कारखान्यात 'तुम्ही'शिवाय कधी न बोलणाऱ्या बाई तळ्यावर एकदम 'अगं' म्हणाल्या, तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. कारण तेव्हा लॅबमध्ये एकच कुजबुज चालू होती. दक्षिणेत, दोन दिवसांच्या प्रवासावर कंपनीचा नवा कारखाना उभा राहत होता, आणि आमच्यातलं एक अनुभवी माणूस तिकडे पाठवायचं ठरलं होतं. अनुभवी म्हणजे मोजून दोघं-तिघं, त्यात एक मी. नाव मॅडमच देणार. माझी बदली झाली तर? आईला एवढ्या लांब हलवायचं नाही असं डॉक्टरांनी आधीच बजावलेलं. म्हणजे आई सोडायची नाहीतर नोकरी. नोकरी सोडली तर आईची औषधं कशातून आणायची? मॅडम इथे हवा खायला आलेल्या नव्हत्या. मला जोखायला आल्या होत्या.

त्यात भाऊंनी काय करावं? "ओळखीच्या आहात ना? मग दोघींची एकच होडी घ्या." दोन सीटची लांब कयाक पुढे ओढली, मला पुढे बसवलं, मॅडमना मागे. "मागच्यानं पुढच्याचं बघून वल्हं मारायचं," एवढं सांगून त्यांनी होडी ढकलून दिली. माझी चडफड झाली, पण साहेबांना 'नको' म्हणायची आमची छाती नाही.

पुढे बसलं की मागचं माणूस दिसत नाही. वल्हं दोन्ही टोकांना पात्याचं, एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे. मी मारत होते आणि कान मागे लावून बसले होते. आवाज येत होता फक्त एका वल्ह्याचा. चुळुक, चुळुक. तो माझाच. म्हणजे बाई मागे नुसत्या बसल्या होत्या! मी ओढतेय आणि या पालखीत बसल्यासारख्या चालल्यात. मला असा संताप आला म्हणून सांगू. लॅबमध्ये रिपोर्ट मी करायचे आणि सही यांची, आता तळ्यावरही तेच.

वर गप्पा. "आई कशा आहेत? रात्री उठावं लागतं का गं? कुणी नातेवाईक आहेत का जवळपास?"

"बऱ्या आहेत." "हो." "नाही." याच्यापुढे मी गेले नाही. मी काय दूधखुळी आहे? माझ्या घरातून किती अडचण निघेल याचा अंदाज घेत होत्या, एवढं कळत होतं मला.

एकदा मी त्यांची परीक्षाच घेतली. तळ्याच्या मध्यावर एकाएकी वल्हं वर धरलं आणि थांबले. आवाज बंद! चिटपाखरू नाही. सापडली की चोरी! त्या मारत असत्या तर त्यांचा आवाज आला नसता का? काठावरून भाऊ ओरडले, "वा! दोघींचं काय जमलंय!" मला वाटलं, यांनाही मॅडमनी शिकवून ठेवलंय. एकदासुद्धा मागे वळून बघितलं नाही मी. उगाच तोंड दिसायला नको.

त्याच सुमारास घरी एक गोष्ट घडली. कामावरून आले तर मोरीत चहाचे तीन कप विसळायला पडलेले. आई आणि अक्का मिळून दोनच कप होतात. कोण आलं होतं म्हणून आईला विचारलं.

"कोनीच नही. आक्कानी दोन कप पिधा."

अक्का म्हणजे चहा पाहिला तरी पित्त होणारी बाई, कधीमधी आईच्या आग्रहाखातर अर्धा कप घेते. मी त्यांच्याकडे पाहिलं तर त्या पदर सावरत चपला शोधायला लागल्या. घरातही काहीतरी शिजत होतं. पण आईला कोण खोदणार? तिने एकदा भिंतीकडे तोंड केलं की ब्रह्मदेवालाही उत्तर मिळत नाही.

मग थंडी चांगली पडली, बाजारात भरताची हिरवीगार वांगी आली, आणि मॅडम एका रविवारी होडीतून उतरता उतरता म्हणाल्या, "यंदा लॅबची भरीत पार्टी करू या. तुझ्या हातचं भरीत खायचंय मला."

मी वल्हं टाकलं ते पायावर.

बाहेरच्या माणसाला यात काय एवढं असं वाटेल. थंडीत आमच्याकडे कुणीही उठतं आणि शेतात भरीत करतं. पण आमच्या लॅबची एक रीत आहे. बदली झालेल्या माणसाला आम्ही हार-नारळ देत नाही, भरीत घालतो. आणि भाजलेली वांगी ठेचायची त्या निघणाऱ्या माणसानेच. बाकीचे भोवती बसून त्याला खिजवतात, "ठेच, ठेच, तिकडे कोण खाऊ घालणार तुला!" बऱ्याचदा मुसळ कुणाच्या हाती जातं तेव्हाच कळतं, कोण चाललंय ते. आता सांगा, 'तुझ्या हातचं' याचा मी दुसरा काय अर्थ लावायचा?

पार्टीपर्यंतचे दिवस कसे काढले ते माझं मला ठाऊक. आईचे पाय चेपताना रडू यायचं, आणि तिला दिसू नये म्हणून मी दिव्याकडे पाठ करून बसायचे.

बोदवडच्या रस्त्यावर आमच्यातल्या एकाचं शेत आहे, तिथे जमलो. कपाशीच्या वाळक्या काड्यांचा जाळ, त्यावर वांगी टाकलेली, धुराने सगळ्यांच्या डोळ्यांना पाणी. त्यामुळे माझ्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. वांगी सोलून झाली, लाकडी भांड्यात पडली, शेजारी मुसळ आडवं ठेवलं. सगळे एकमेकांकडे बघतायत. माझ्याच्याने राहवेना. मरायचंच तर एकदाचं मरू या म्हणून मी उठले, मुसळ उचललं आणि म्हटलं, "द्या इकडे, ठेचते. एवढं काय लपवायचं त्यात?"

मॅडमनी माझं मनगट धरलं.

"ठेव ते. माझं आहे."

क्षणभर मला काही कळेचना. त्यांनी ओढणी कमरेला खोचली, मांडी घातली आणि दणादण ठेचायला सुरुवात केली. चिडवायला कुणाचं तोंड उघडेना. "बघताय काय? ओरडा की!" त्याच म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "तू फोडणी दे. तुझ्या हातची म्हणाले होते ना."

खरं सांगते, मला आनंद झाला. दुसरं काही नाही, निव्वळ आनंद. मिरच्या-लसणाची फोडणी देताना आनंदाच्या भरात मी मिरच्या जरा जास्तच टाकल्या. सुटले गं बाई!

जेवणं झाल्यावर त्या मला बांधावर घेऊन गेल्या.

"वरून तुझंच नाव सुचवलं होतं," त्या म्हणाल्या. "बढतीसकट. म्हणून मी तुझ्या आईंना भेटायला गेले होते. तुला सांगू नका म्हटलं होतं त्यांना."

तिसरा कप! माझं डोकं भडकलं. "माझ्या पाठीमागे? मला विचारायचं सोडून?"

"विचारत होते की. दर रविवारी. तू 'हो', 'नाही', 'बऱ्या आहेत' याच्यापुढे गेलीस कधी?"

मी पायाने बांधावरचं एक ढेकूळ फोडलं. मग विचारलं, "काय म्हणाली आई?"

मॅडम मूळच्या धुळ्याकडच्या, आईच्याच भागातल्या. आईचं वाक्य त्यांनी आईच्याच बोलीत सांगितलं. "तिले धाडी द्या. मना इचार नका करा."



"ते ऐकलं आणि तिथेच ठरवलं, तुला नाही पाठवायचं, माझं नाव द्यायचं," त्या म्हणाल्या. "माझी आईही मला हेच म्हणाली होती. मी गेले होते."

हाताला लागलेली वांग्याची साल त्या काढत राहिल्या.

घरी आले ती तणतणतच. चपलासुद्धा काढल्या नाहीत. "मला घालवायला निघाली होतीस? मी जड झाले का तुला?" आई भिंतीकडे तोंड वळवायला लागली, तर मी खाट ओढून भिंतीच्या बाजूला जाऊन उभी राहिले. आता जाशील कुठे!

"तू नही व मनी माय, मी जड व्हयनू तुले," ती म्हणाली. "तुन्हा जल्म मनी खाटजोडे जाई ऱ्हायना." आणि माझ्यासमोर कधी न रडलेली ती बाई एका बाजूच्या ओठाने रडायला लागली. मी तिच्या खाटेवरच बसले. "जाऊ दे जात असेल तर," मी म्हटलं, "माझा आहे ना? मी बघेन." मग दोघींनी मिळून डब्यात आणलेलं भरीत खाल्लं. तिखट झालंय म्हणून तिने नावं ठेवली.

मॅडम गेल्या. त्यांच्या जागी लॅबमध्ये एक नवी बाई आली, माझ्याहून लहान, प्रत्येक रिपोर्ट दोनदा तपासणारी, कपाळावर कायम आठी. मीच तिला म्हटलं, चल रविवारी तळ्यावर. होडीची भोकं बघून ती दोन पावलं मागे सरकली, तेव्हा भाऊ माझ्याकडे बघून खोकले.

तिला पुढे बसवलं, मी मागे. निघालो तर माझं वल्हं तिच्या वल्ह्यावर खाडकन आपटलं. पुन्हा आपटलं. होडी भलतीकडेच तोंड करून उभी. तेव्हा लक्षात आलं, मागे बसलं की पुढच्या माणसाच्या खांद्यांवरून नजर हलवता येत नाही. ती खांदा उचलेल त्याच क्षणी आपला उचलायचा, ती थांबेल तिथे थांबायचं. कितीतरी फेऱ्या झाल्यावर कुठे जमायला लागलं. दंड भरून आले, मान धरली, पण होडी सरळ निघाली. तळ्यावर फक्त एकच आवाज. चुळुक, चुळुक.

तळ्याच्या मध्यावर पुढची एकाएकी थांबली. मीही थांबले.

"ताई," मान न वळवता तिने विचारलं, तेही जरा घुश्शातच, "तुम्ही वल्हं मारताय ना?"