निळीची चार बोटं

उभ्या गोंदिया जिल्ह्यात देवाचा प्रसादसुद्धा आधी हुंगून मग तोंडात टाकणारा माणूस एकच झाला, आणि तो नेमका आमच्या वाट्याला आला. माझ्या मोठ्या बहिणीचे यजमान, आमचे भाऊजी. चिचगडच्या रोपवाटिकेत माती चाळण्यात त्यांची सारी नोकरी गेली; त्यामुळे चाळल्याशिवाय काही घ्यायचंच नाही, हा स्वभाव होऊन बसला. कोहमाऱ्याच्या ढाब्यावर चहा आला की आधी मला प्यायला लावून माझ्या तोंडाकडे टक लावून बसत. बिरसीच्या विमानतळावरचं शिकाऊ विमान गावावरून गेलं की अंगणातली पाण्याची गुंडी झाकायला धावत. "वरून काय सांडून राहिला, कोण पाहाले गेला?" हा त्यांचा सवाल. मी तरी कुठे पाहायला गेलो होतो!

पण खरा कहर झाला तो जपानातल्या अणुभट्टीची बातमी टीव्हीवर आली तेव्हा. भाऊजींनी कुठूनसं वाचून काढलं की असली किरणोत्सारी धूळ जंगलात पडली की आधी पाचोळ्यावर बसते, पाचोळा कुजला की मातीत उतरते, पण वरच्याच थराला वर्षानुवर्षं चिकटून राहते. आणि अळंबी तिला वर ओढून घेतात. झालं! पावसाळ्यात वारुळांवर उगवणाऱ्या सात्या, म्हणजे आमच्याकडची रानअळंबी, घरात बंद. आणि ताईचा तर सात्यांवर जीव. मटणाच्या ताटावरून उठेल, पण सात्यांच्या भाजीवरून नाही.

"जपान कुठं, चिचगड कुठं!" मी म्हणालो.

"वारा का तिकीट काढून येते?" भाऊजी म्हणाले.

ताई कडाडली, "मले कायले तरसवून राहिले? कधी खाऊ, थे तरी सांगा!"

भाऊजींनी तोड काढली. परसातल्या मोहाच्या झाडाखाली पाचोळ्यावर त्यांनी कपड्यांच्या निळीची पूड पसरली आणि भोवती काट्यांचं कुंपण घातलं. नीळ एक हात खोल गेली की जंगलातली धूळही सात्यांच्या खाली गेली असं समजायचं, मग खुशाल खा. फाल्गुनात सारं गाव मोहफुलं वेचायला झाडाखालचा पाचोळा जाळतं. आमच्या मोहाखाली काडी ओढायची बंदी, त्यामुळे फुलंही पाचोळ्यात गेली. गावाला वाटलं, म्हाताऱ्याला गुप्तधन सापडलं. मग भाऊजींना गावाचा संशय, तो वेगळाच. दर श्रावणात ते खुरप्याने मातीचा काप काढून बोटं लावून मोजत. पहिल्या वर्षी नीळ पाचोळ्यातच होती. मग एक बोट, मग दोन. ताई दाराशी उभी राहून विचारायची, "उतरली का जी?" आणि माघारी वळायची. तिने चोरून एकदाही खाल्ल्या नाहीत, याचा मला भाऊजींवरच राग यायचा.

पुढे ताई अंथरुणाला खिळली. डॉक्टरांनी आशा सोडली होती, अन्न जात नव्हतं. श्रावणातल्या एका सकाळी ती एवढंच म्हणाली, "सात्या खावाव्या वाटते."

भाऊजी उठून परसात गेले. नीळ चार बोटं उतरली होती. खुरपं तिथंच टाकून ते जंगलात गेले आणि दुपारी पंचाभर सात्या घेऊन आले. तीनदा धुतल्या, स्वतः रांधल्या, आधी स्वतः खाऊन तासभर घड्याळाकडे पाहत बसले. मग तिला घास भरवला.

"मीठ कमी आहे जी," ताई म्हणाली आणि वाटी संपवली. पोळ्याआधी ती गेली.

दोन वर्षांनी श्रावणात गेलो, तेव्हा भाऊजी मोहाखाली बसले होते. म्हणाले, "हात कुठचा बापा, पाच बोटं झाली. उगाच थांबवलं मी तिले. खाऊ द्याले पायजे होतं." माझा इतक्या वर्षांचा राग तिथंच विरघळला.

जेवायला त्यांनीच केलेली सात्यांची भाजी होती. पहिला घास त्यांनी न हुंगताच तोंडात घातला. मीठ कमी होतं. मी वाटी संपवली.