मॅक्सिमम टू डेज

ठेकेदाराने मला फसवले. आमच्या दारावरच्या सज्ज्याला गेलेली भेग बघून तो म्हणाला होता, "काका, डोन्ट वरी. मॅक्सिमम टू डेज." त्याला आज नऊ दिवस झाले. स्टुलावर चढून बघितले, तर भेगेत आता माझे बोट जाते.

मी हातगाडीवर भाजी विकून हे घर बांधले. माणूस "बघतो" म्हणाला की त्याच्याशी अजून घासाघीस करता येते, एवढे मला कळते. पण "आय विल ट्राय" म्हणणाऱ्याला कुठे धरायचे? "दोन दिवसांत येतो" म्हणताना ठेकेदाराची जीभ जराशी अडखळली असती. "टू डेज" मात्र गुळगुळीत निघून गेले. परक्या भाषेतला शब्द मोडला, तर तो आपण मोडला असे माणसाला वाटतच नसावे.

घराला दार एकच. नात रोज त्याच सज्ज्याखाली शाळेच्या रिक्षाची वाट बघते. आज सकाळी तिच्या दप्तरावर वाळू पडली. बायको ओरडली, "अहो, निदान टेकू तरी लावा!"

"डेफिनेटली, आजच," मी म्हणालो.

ती म्हणाली, "तुम्हीही त्यातलेच झालात का?"

मी तसाच उठलो आणि दोन वासे आणून सज्ज्याखाली ठोकले. वासे किती दिवस तग धरतील, मला ठाऊक नाही. ठेकेदाराने आता वार सांगावा. तोवर सज्जा खाली आला तर जबाबदार कोण, हेही सांगावे, आणि मराठीत सांगावे.