निर्मात्याच्या बापाचा फोटो

सुलतानपूरच्या प्रसेनजितला कोणी विचारलं की तू काय करतोस, तर तो मान ताठ करून सांगतो, "निर्माता आहे." आमच्या गावात पिकवतो तो शेतकरी आणि विकतो तो दुकानदार. निर्माता म्हणजे नक्की काय, हे मला त्याच्या सिरियलमध्ये सरपंचाचं काम करायला लागल्यावर कळलं. एरवी माझं खताचं दुकान आहे. निर्माता म्हणजे ज्याच्यावर सगळे चिडतात, पण ज्याला कोणावरही चिडायची सोय नसते असा माणूस.

सुरुवात त्यानं नाटकापासून केली. मेहकरच्या कॉलेजात एकांकिका, मग स्वतःचं दोन अंकी नाटक, टेम्पोत सेट घालून पार जालन्यापर्यंत प्रयोग. पुढे मुंबईत टीव्ही मालिकांच्या निर्मितीत शिरला. जनरेटर बंद पडो, नट रुसो की जेवण उशिरा येवो, शिव्या यालाच. मग मित्रांबरोबर एक सिनेमाही काढला. तो थिएटरला लागला आणि लोकांना कळायच्या आत उतरला. लॉकडाऊनमध्ये बायको मनालीला घेऊन तो गावी आला आणि इथंच राहिला. आईबापाच्या घरातच त्यानं मोबाइलवर बघायची वऱ्हाडी सिरियल सुरू केली, 'हिस्सा कोणाचा'. बाप वाटणी न करताच मरतो आणि दोन भाऊ, दोन सुना वावरावरून भांडत बसतात, एवढीच गोष्ट.

पहिल्याच दिवशी त्या मेलेल्या बापाचा फोटो हवा होता. आपल्या मेलेल्या माणसाचा फोटो गावाला हसायला कोण देईल? आणि जिवंत माणूस तर आपल्या फोटोला हार घालूच देणार नाही. शेवटी प्रसेनजितनं भिंतीवरचा स्वतःच्या बापाचा, जानरावांचा फोटो उतरवला आणि हार घालून टाकला. जानराव तेव्हा बाहेर गेले होते.

"चारच भाग आहेत बाबा, मांगं कुठंतरी दिसन," संध्याकाळी तो म्हणाला.

फोटो मागे राहिला नाही. धाकट्या सुनेचं काम मनाली करायची. भांडता भांडता तिनं ऐनवेळी सासऱ्याच्या फोटोपुढे हात जोडले, "मामाजी, आता तुमीच सांगा!" लोकांनी ते डोक्यावर घेतलं. मग काय, फोटोपुढे शपथा, फोटोपुढे रडणं, फोटोमागे कपाटाची किल्ली. सिरियलचा नायक कोण असेल तर तो फोटो.

आता हे जानराव म्हणजे लोणार-मेहकर रस्त्यावर आयुष्यभर तिकिटं फाडलेले कंडक्टर. त्यांना ओळखत नाही असा माणूस या रस्त्यावर सापडायचा नाही. रिटायर झाल्यावरही रोज सकाळी ते बसस्टँडवर जाऊन बसायचे आणि कुठली गाडी उशिरा आली यावर तावातावानं बोलायचे. आता लोक त्यांना बघून दचकायला लागले. लोणारच्या बाजारात एका बाईच्या हातातून भाजीची पिशवीच पडली. साखरखेर्ड्याची त्यांची चुलत बहीण कौशल्याबाई तर रडतच घरात शिरली. जानरावांच्या बायकोच्या, तानाबाईंच्या कपाळावरचं कुंकू पाहून तिनं आणखीच सूर लावला, "अवं वहिनी, लोक काय म्हणतीन!" तेवढ्यात जानराव आंघोळ करून टॉवेलवर बाहेर आले. आम्ही पोट धरधरून हसलो. जानराव हसले नाहीत. त्यांनी बसस्टँडवर जाणं सोडलं.

घरी तरी मोकळं असावं, तर तेही नाही. बैठकीत कॅमेरा, स्वयंपाकघरात लाइट आणि जानराव मागच्या खोलीत. खोकला आला की तोंडात पंचा धरायचे, कारण मेलेला माणूस खोकलेला ऐकू आला तर अख्खा सीन पुन्हा करावा लागे. स्वतः बांधलेल्या घरात चोरासारखं बसायचं म्हणजे काय! मला ते बघवत नसे.

एक दिवस त्यांनी पोराला धरलं. "मले जित्तं कर. नाही तर मी पोरीकडं जालन्याले चाललो. इथं मी रोज मरून राह्यलो."

"बाबा, फोटो काढला तं सिरियल संपते. इतके लोक तिच्यावर जगून राह्यले."

"अन मी?"

खरं तर प्रसेनजितलाही सिरियलचा वीट आला होता. एक नवं नाटक लिहून तो बसला होता, पण सिरियलला पैसे देणाऱ्या जाहिरातवाल्याजवळ विषय काढला की तो म्हणायचा, नाटक राहू द्या हो, फोटोवाला भाग कधी टाकता? बाप मागच्या खोलीत अडकला होता आणि पोरगा बैठकीत.

शेवटी त्यानं तसा भाग लिहिला. म्हातारा मेलाच नव्हता, पोरांवर रागावून निघून गेला होता. जानराव दारातून आत आले आणि "कोन म्हनते मी मेलो?" असं ओरडले. आवाज थेट सुटं मागणाऱ्या कंडक्टरचा, पण तोंडावर काय आनंद होता! दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून स्वारी बसस्टँडवर हजर.

लोकांनी मात्र आमचा उद्धार केला. बाप जिवंत, तर वाटणीचं भांडण कसलं? बघणारे आटले, जाहिरात गेली, सिरियल बंद पडली. प्रसेनजित मनातून सुटला होता. त्यानं उत्साहानं तालमी घेतल्या, मेहकरला प्रयोग लावला. हॉलमध्ये सगळे ओळखीचेच, तेही मध्यंतरात चहाला गेले ते परतले नाहीत. इकडे मोठ्या भावाचं काम करणारा ज्ञानेश्वर वीटभट्टीवर जायला लागला. मोठ्या सुनेचं काम करणारी काजल इतके दिवस शूटिंगचं निमित्त सांगून लग्न लांबवत होती. तिच्याकडे पाहुणे यायला लागले.

जानरावांच्या कानावर हे सगळं बसस्टँडवरच पडत होतं. एका सकाळी ते लवकर घरी आले. मी तिथंच होतो.

"कॅमेरा आन," ते पोराला म्हणाले.

"काऊन?"

"माझा नवा फोटो काढ. आता खरंच मेलो असं दाखव. अटॅक आला म्हन."

"नाही बाबा. ते नाही होनार."

"ज्ञानेश्वर भेटला स्टँडवर. त्याचे हात पाह्यले का तू?" जानराव स्टूलावर बसले आणि कॉलर नीट केली. "अन एक ध्यानात ठेव. या टायमाले मले परत जित्तं करू नको. लोकायले पटत नाही."

तानाबाई भाकरी थापत होत्या. त्यांचा हात थांबला.

फोटो निघाला, चौकट झाली, शूटिंग लागलं. काजल आली, ज्ञानेश्वर आला, भट्टीवर खाडा करून. पण हार कोण घालणार? प्रसेनजितनं तो ज्ञानेश्वरकडे दिला, ज्ञानेश्वरनं माझ्याकडे, मी गुपचूप खुर्चीवर ठेवला. मग जानरावच उठले. आपल्याच फोटोला त्यांनी हार घातला, तिरपा झाला होता तो सरळ केला, "चला, करा सुरू," म्हणाले आणि मागच्या खोलीत जाऊन आतून कडी लावली.

सीन भांडणाचा होता. मनालीनं तोऱ्यात येऊन जावेला सुनावायचं होतं. ती आली, फोटोपुढे उभी राहिली, "मामाजी" म्हणाली आणि तिला पुढचं बोलताच येईना. ती रडायला लागली, आणि ते रडणं सिरियलमधलं नव्हतं. आम्ही सगळ्यांनी प्रसेनजितकडे पाहिलं. त्याचेही डोळे भरले होते. त्यानं कॅमेरा बंद केला नाही.