शिल्पाच्या दिवशीचा घास

देवाकडे मी मागत कमी आणि त्याला बजावतच जास्त आले. शिल्पा, माझी एकुलती एक लेक, आजारात गेल्यावर तर फारच. तिच्या नावाने आम्ही संस्था काढून नेपाळच्या डोंगरातल्या वसतिगृहातल्या बारा अनाथ मुलींच्या शिक्षणाचा भार उचलला. दरवर्षी तिच्या पुण्यतिथीला मुली गोडाधोडाचं जेवतात, फोन करतात, मगच मी अन्नाला शिवते. हा नेम मी मोठ्या कौतुकाने मुलींनाही सांगून ठेवला होता. तिथेच चुकलं.

यंदा पुण्यतिथीच्याच सकाळी बातम्यांत तिकडची कोसळलेली दरड दिसली आणि मी वसतिगृहाला फोन लावत सुटले. फोन लागेना. घरात बसवेना म्हणून यजमानांनी जालन्याहून राजूरच्या गणपतीला नेलं. पायरीवर बसून मी नंबर फिरवत राहिले. एक लेक गेलीच होती, आता बारा जणी? दुपार टळली. तरी माझा हट्ट कायम, गणपतीलाही बजावलं, मुलींचा फोन आल्याशिवाय खाणार नाही.

शेजारची दुर्वा विकणारी म्हातारी मघापासून बघत होती. "माय, सकाळधरून बसून राह्यलीस. काय झालं?" मी रडत सगळं सांगितलं. तिने फडक्यातली भाकरी मोडून पुढे केली. "तू उपाशी राह्यल्यानं डोंगर थांबत न्हाई. खाय. मंग त्याचं तो बघतो बराबर."

का कोण जाणे, हात पुढे झाला. पहिला घास गिळते तोच फोन वाजला. थोरली सुनीता, पंधरा वर्षांची. सगळ्या सुखरूप होत्या, जेवल्याही होत्या. पण वर रेंज नव्हती, आणि मी उपाशी असेन म्हणून ही पोर एकटीच ढासळत्या वाटेने खाली आली होती. आवाज तुटत होता. "आई, आपने खाना खाया? आप खाओगे, तभी मैं ऊपर जाऊँगी." हट्ट थेट माझाच.

"खाया बेटा, अभी खाया. जल्दी ऊपर जा." एवढं बोलले आणि फोन कटला. संध्याकाळी त्यांच्या बाईंचा निरोप आला, ती परत पोचली.

पुढच्या चतुर्थीला म्हातारीच्या पाया पडून मी सगळं सांगितलं. ती हसली, "भाकर वाळकी होती माय त्या दिशी."

आता शिल्पाच्या दिवशी मी सकाळीच जेवते आणि तसं मुलींना कळवते. देवाला अटी घालणं सोडलं. तो घास पोटात नसता, तर त्या लेकराला मी काय सांगितलं असतं?